सतरा नंबरचा बेडूक

डॉक्टरांनी "बसा" म्हटलं, तिथेच स्लाइडमास्तरांना शंका आली. कर्मचारी आरोग्य केंद्रात कुणाला बसा म्हणायची पद्धतच नाही. तिथे खुर्ची एकच, तिच्यावर वजनाचा काटा ठेवलेला, आणि पेशंटनं उभ्याउभ्या जीभ दाखवून चालू लागायचं. त्या सोमवारी मात्र डॉक्टरांनी स्वतः उठून काटा खाली ठेवला, खुर्ची रुमालानं पुसली आणि पाण्याचा ग्लास पुढे केला.

"मास्तर, घरचं कुणी आलंय का बरोबर?"

"फिटनेसच्या फॉर्मवर तुमची सही न्यायला आलोय," मास्तर म्हणाले. "त्याला घरचे कशाला?"

"नाही, म्हणजे... तुमच्या रक्तातल्या तांबड्या पेशींत केंद्रक दिसतंय." डॉक्टर तरुण होते, वाईट बातमी देण्याचा हात अजून बसला नव्हता.

"किती पेशींत?"

"सगळ्या."

दुसरा कुणी असता तर "मग गोळ्या द्या" म्हणून मोकळा झाला असता. मास्तरांना या वाक्याचा अर्थ कळत होता, आणि तीच पंचाईत होती. माणसाची तांबडी पेशी हाडाच्या पोकळीत, अस्थिमज्जेत तयार होते आणि रक्तात उतरण्याआधी आपलं केंद्रक टाकून देते. मोठ्या माणसाच्या रक्तात केंद्रकासकट दोन-चार पेशी दिसल्या तरी डॉक्टर लोक गंभीर होतात. इथे शंभरातल्या शंभर! मास्तरांनी ग्लास उचलला आणि पाणी शर्टावर प्यायलं.

"शिवाय पेशी लांबट आहेत," डॉक्टर दबकत म्हणाले, "आणि नेहमीपेक्षा खूपच मोठ्या. मी पुस्तकं चाळली, कुठेच असं नाही. मास्तर, रागावू नका, पण स्लाइड बदलली तर नसेल?"

हा प्रश्न त्यांनी विचारायला नको होता. मास्तर ताडकन उठले.

"माझी स्लाइड? बदलली? डॉक्टर, एकतीस वर्षं झाली मला. एकतीस वर्षांत एक काच इकडची तिकडे झालेली दाखवा, मी उद्यापासून बस स्टँडवर कंगवे विकतो!"

डॉक्टर वरमले. कारण कॉलेजात असताना ते स्वतः मास्तरांच्याच स्लाइडांवर शिकले होते. "मग पुन्हा एक थेंब रक्त घेऊ का?" असं त्यांनी हळूच विचारून पाहिलं. "म्हणजे माझ्या स्लाइडवर विश्वास नाही, असंच ना?" मास्तरांनी विचारलं. त्यावर डॉक्टरांनी सुई परत ठेवली. मास्तरांना काच बघायची होती, पण ती फाइलसकट मोठ्या हॉस्पिटलच्या रक्ततज्ज्ञांकडे रवाना झालेली होती. कमरेच्या हाडात सुई घालून मज्जा काढायची, त्यासाठी पुढच्या गुरुवारची सकाळी आठची वेळ मिळाली. मास्तर बाहेर पडले ते आपल्या पायांनी चाललोय की दुसऱ्याच्या, हे न कळता.

आता स्लाइडमास्तर म्हणजे कोण, ते सांगायला हवं. प्राणिशास्त्र विभागात टेक्निशियन. कातडी असो, काळीज असो, त्याचा काचेवर पातळसा थर बसवायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघण्याजोगा करायचा, हे त्यांचं काम. सध्या विभागाच्या मॅडमचं संशोधन चाललं होतं ते बेडकाच्या रक्तावर. थंडीत बेडूक झोपतो तेव्हा त्याची अस्थिमज्जाही जवळजवळ झोपते, आणि तो जागा झाला की काही आठवडे मांडीच्या हाडात तांबड्या पेशींची नुसती झुंबड उडते. ही झुंबड कुठल्या आठवड्यात सुरू होते, हे मॅडमना मोजायचं होतं. मास्तर ही माहिती इस्त्रीवाल्यापासून दाताच्या डॉक्टरांपर्यंत सर्वांना सांगत. दाताचे डॉक्टर तर तोंडात यंत्र घालून ठेवत, तरी मास्तर हातवारे करून सांगत.

दर खेपेला चोवीस बेडूक, आणि प्रत्येकाची रक्ताची एक व मज्जेची एक काच. रक्ताच्या काचांत पंचविसावी काच मास्तरांच्या स्वतःच्या रक्ताची. रंग नीट चढलाय की नाही हे पडताळायला ते एकतीस वर्षं आपलंच बोट टोचत आले होते. काचेवर नाव कधी लिहायचं नाही, कारण नाव वाचलं की मोजणाऱ्याची नजर बिघडते. आधी हिऱ्याच्या पेन्सिलीनं नंबर कोरायचा आणि मगच थेंब ठेवायचा, असा त्यांचा नियम होता.

मास्तर या वर्षी निवृत्त व्हायचे होते. शेवटची खेप हातून व्हावी म्हणून त्यांनी वर्षभराची मुदतवाढ मागितली होती, तिला फिटनेस हवा होता आणि फिटनेसला रक्ताची काच. आरोग्य केंद्रातला टेक्निशियन भिंतीला चुना लावल्यासारखं रक्त फासतो, असं मास्तरांचं मत होतं. म्हणून त्यांनी आपली पंचविसावी काच रुमालात गुंडाळून स्वतः नेऊन दिली होती.

घरी त्यांनी बातमी बेतानं सांगायची ठरवली होती. "थोडं रक्तात आहे," एवढंच म्हणाले. बायकोनं गॅस बंद केला.

"थोडं म्हणजे किती?"

"शंभर टक्के."

बायको भिंतीला टेकली. "एकतीस वर्षं त्या बेडकांच्या हाडांत डोकावत बसलात," ती म्हणाली, "स्वतःच्या हाडांत काय चाललंय ते कधी बघावंसं वाटलं नाही तुम्हाला?" आणि ती रडायला लागली. मास्तरांनी तिला मज्जेची माहिती द्यायला सुरुवात केली, पण पहिल्यांदाच त्यांना मध्ये पुढचं आठवेना.

संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला खबर लागली. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर चप्पल न घालताच खाली आले. त्यांना धक्का बसला होता, पण सल्ला देता येणार नाही इतका नव्हता.

"बीट," ते म्हणाले. "कच्चं. सालासकट. दिवसातून चार वेळा."

"अहो, रक्त कमी नाहीये. पेशीत केंद्रक आहे."

"ते बीटानं विरघळतं. माझ्या साडूचं विरघळलं."

"साडूला काय झालं होतं?"

"मूतखडा. पण तत्त्व तेच." मग त्यांनी आवाज खाली आणला. "मास्तर, एक विचारू? हे बेडकांकडून तर नाही ना आलं?"

हा विचार पोस्टमास्तरांनी जिन्यात उतरवला आणि दुसऱ्या दिवशी तो प्रत्येक दारी पोचला. तळमजल्यावरच्या शिवणकामवाल्या मावशींनी मास्तरांच्या पँटची उंची लांबूनच मापली, टेप लावला नाही. दूधवाला पिशवी कठड्यावर ठेवून बेल वाजवून पळू लागला. समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनी भेटायला आल्या, दारातच थबकल्या आणि मास्तरांच्या हातांकडे बघत राहिल्या. "काही नाही," त्या चाचरत म्हणाल्या, "बोटं मोकळी आहेत ना, एवढंच बघत होते."

मास्तरांच्या स्वाभिमानाला हे फार लागलं. पण खरं सांगायचं तर, आत कुठेतरी बारीकसा अभिमानही होता. पुस्तकात नसलेला आजार काही कुणालाही होत नाही. आपली मज्जा काचेवर बसेल तेव्हा ती निदान धड माणसानं रंगवावी, या काळजीनं त्यांनी कुठला रंग किती मिनिटं ठेवायचा ते एका कागदावर लिहून हॉस्पिटलच्या पिशवीत टाकलं. बीटही खाल्लं. आठ दिवसांत ते इतकं खाल्लं की त्याचे परिणाम बघून घरात दोनदा नव्यानं हाहाकार झाला.

ऑफिसात त्यांनी फक्त हेडक्लार्कना सांगितलं, तेही नाइलाजानं. हेडक्लार्क हा माणूस कशानं हादरत नसे. त्यांनी आजारांची छापील यादी काढली आणि वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

"यात नाही."

"नसेलच. पुस्तकातही नाही."

"यादीत नाही म्हणजे रजा नाही. आणि फिट नाही म्हणजे मुदतवाढ नाही. म्हणजे तुम्ही आजारीही नाही आणि बरेही नाही." हेडक्लार्कना ही स्थिती फारच आवडलेली दिसली. "मॅडमना कळवू?"

"मुळीच नाही!"

"तुम्ही नाही म्हणालात तरी कळणारच. फाइल जाईल त्यांच्याकडे. मध्ये आठ टेबलं आहेत, बघू."

अशा रीतीनं बुधवार उजाडला. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला हॉस्पिटल. त्याआधी हातातलं काम आवरावं, म्हणून मास्तर प्रयोगशाळेत लवकर आले. मॅडम यायच्या होत्या. मास्तरांनी रक्ताच्या काचांचा ट्रे काढला. पंचविसावी खाच रिकामी होती. काहीतरी करायचं म्हणून त्यांनी हाताला आली ती काच उचलली, सतरा नंबरची, आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

ते दचकून मागे झाले. मग चष्मा पुसला आणि पुन्हा डोळा लावला.

सतरा नंबरच्या बेडकाच्या रक्तात गोल, लहान, गुळगुळीत पेशी होत्या. केंद्रक नाही. एकाही पेशीत नाही.

बेडकाची तांबडी पेशी लांबट असते, मोठी असते आणि केंद्रक जन्मभर सांभाळते. हे मास्तरांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. आणि तरीही, सांगायला लाज वाटते, पण मास्तरांच्या मनात पहिला विचार आला तो असा, की बिचारा बेडूकही आजारी होता! दुसरा विचार आला तो याहून भयंकर. हाताला कापलेलं असताना आपण त्याला धरलं असेल, त्याचं रक्त आपल्यात आलं आणि आपलं त्याच्यात गेलं, पोस्टमास्तर म्हणतात ते खरंच आहे! चांगली दहा मिनिटं मास्तर हा शोध मनात घोळवत होते. पाचशे मैलांवरची शक्यता त्यांना पटत होती, पण हाताच्या अंतरावरची सुचत नव्हती, कारण त्या बाजूला त्यांनी एकतीस वर्षांत कधी बघितलंच नव्हतं.

मग त्यांना तो दिवस आठवला. पाचला दहा कमी होते, मुदतवाढीचा फॉर्म पाचपर्यंत द्यायचा होता आणि हेडक्लार्क दारात घड्याळ बघत उभे होते. ट्रेमध्ये दोन काचा कोऱ्या राहिल्या होत्या, सतराव्या बेडकाची आणि स्वतःची. मास्तरांनी थेंब ठेवले, पसरले, धावत जाऊन सही केली आणि परत आल्यावर नंबर कोरले. आधी थेंब, मग नंबर.

त्यांनी टेबल घट्ट धरलं. आपल्याला काहीही झालेलं नाही! आपल्या पेशी गोल आहेत, लहान आहेत, कशा शहाण्यासारख्या आहेत! हा आनंद मोजून तीन श्वास टिकला. चौथ्या श्वासाला त्यांच्या लक्षात आलं, की आजार गेला तो नुसता गेला नाही, जागेवर चूक ठेवून गेला.

आणि चूक जास्त भयंकर होती. आजारी माणसाबद्दल लोक हळहळतात. चुकलेल्या माणसाबद्दल ते फक्त "अस्सं!" म्हणतात, आणि ते "अस्सं" मास्तरांना आत्ताच ऐकू यायला लागलं होतं. गप्प बसलं तर? उद्या कमरेत सुई घालतील, मज्जा निर्दोष निघेल, डॉक्टर चकित होतील, पोस्टमास्तर बीटाचा जयजयकार करतील. एक सुई, आणि नाव शाबूत. मास्तरांनी सतरा नंबर ट्रेमध्ये ठेवली आणि ते दुपारी लवकर घरी गेले.

घरात पिशवी भरून तयार होती. टॉवेल, पंचा, औषधं, आणि त्यांच्या कपड्यांवर बायकोच्याही दोन साड्या.

"तुझ्या साड्या कशाला?"

"मी काल जाऊन आले त्या डॉक्टरांकडे," ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "म्हटलं, माझ्या हाडातलं घ्या आणि यांना घाला. माझी हाडं चांगली जाड आहेत. ते म्हणाले, असं लगेच होत नाही, जुळावं लागतं. म्हटलं, चौतीस वर्षं जुळवून घेतलंय, हेही जुळेल."

मास्तर मटकन पलंगावर बसले. या बाईनं इंजेक्शनच्या भीतीनं आयुष्यात दोनदा ताप अंगावर काढला होता. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की त्यांनी एका दमात सांगून टाकलं.

"अगं, मला काही झालेलं नाही. काच बदलली. मी बदलली. चुकून."

तिनं पिशवीतला टॉवेल त्यांच्या अंगावर फेकला, पाठोपाठ पंचा फेकला, पाठोपाठ औषधांचा डबा फेकला.

"म्हणजे तुम्ही मरत नाही?"

"नाही."

"आणि हे तोंड असं पाडलंय ते कशाला?"

"चूक झाली ना माझी!"

"अहो, आठ दिवस मी देवाला काय काय कबूल करून बसलेय, आणि तुम्हाला काचेचं पडलंय?" ती हसत होती की रडत होती ते कळायला मार्ग नव्हता. "उठा. आधी त्या डॉक्टर पोराला फोन करा, उद्याची सुई रद्द करा. आणि मग जा, त्या मॅडमना सांगून या. जा म्हणते ना!"

डॉक्टरांना फोनवर पटेना. "मास्तर, आजाराचा ताण असतो. चूक झाली असं पेशंटला वाटतं. पण तुमच्या हातून? शक्य नाही." शेवटी मास्तरांना वाटेत केंद्रात शिरून, बोट पुढे करून, ओरडून आपली चूक सिद्ध करावी लागली. नव्या काचेवर पेशी गोल निघाल्या. मोठ्या हॉस्पिटलला पाठवलेली फाइल केंद्राच्या आवक-जावक टेबलावरच शिक्क्याची वाट बघत पडली होती. ती काच डॉक्टरांनी आणवली, मास्तरांनी सूक्ष्मदर्शकाला नुसता डोळा लावला आणि म्हणाले, "बेडूक." डॉक्टर खुर्चीवर बसले, काट्यासकट.

मॅडम निघायच्या बेतात होत्या. मास्तरांनी उभ्यानंच सगळं सांगितलं आणि खिशातून घडी केलेला कागद काढला.

"मुदतवाढीचा अर्ज मागे घेतोय. नंबर चुकवणाऱ्या हातात शेवटची खेप द्यायची नसते."

"तुम्ही आठ दिवस मरणार होतात," मॅडम पांढऱ्याफटक पडल्या, "आणि मला कुणी सांगितलं नाही? अहो, ती सतरा नंबर मी गेल्या सोमवारीच बघितली! माणसाचं रक्त आहे हे बघताक्षणी कळलं. वहीत सतराचा आकडा गाळला आणि काच परत ठेवली."

"मग मला बोलला का नाहीत?"

मॅडमनी किल्ली काढली आणि टेबलाचा सर्वांत खालचा ड्रॉवर उघडला. आत कापसावर, एकेका चिठ्ठीसकट काचा ठेवल्या होत्या. सात.

"आमचे सर निवृत्त झाले तेव्हा हा ड्रॉवर माझ्या ताब्यात देऊन गेले. चार त्यांच्या वेळच्या, तीन माझ्या वेळच्या. सर म्हणाले होते, त्यांना कळू द्यायचं नाही. कळलं तर हात थरथरेल, आणि असा हात पुन्हा मिळायचा नाही. एकतीस वर्षांत हजारो काचा झाल्या, मास्तर. त्यातल्या या सात."

मास्तरांना आजाराची बातमी कळली तेव्हाही इतका धक्का बसला नव्हता. कंगवे, बस स्टँड, भर सभेत केलेल्या बढाया, नव्या टेक्निशियनांना दिलेली व्याख्यानं, सगळं त्यांच्या अंगावर एकदम कोसळलं. आपलं निष्कलंक नाव आपण सांभाळतोय असं ते समजत होते, आणि ते दोन माणसांनी, एकानंतर एकानं, कुलपात घालून सांभाळलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते त्यांनी लपवलं नाही.

"बघू," ते म्हणाले.

त्यांनी जुनी रजिस्टरं काढली आणि एकेक काच सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. पहिली, चूक. दुसरी, चूक. तिसरी, ढळढळीत चूक, तिथे ते "अरेरे" म्हणाले. चौथीपाशी ते थांबले. काच पुढे सरकवली, मागे सरकवली.

"मॅडम, ही लिव्हर आहे."

"हो ना. आणि असायला हवी प्लीहा. सरांच्या चिठ्ठीत लिहिलंय."

"रजिस्टरात लिव्हरच आहे. नंबर जुळतो. काचेवरही लिव्हर आहे. ही चूक माझी नाही. ही सरांची आहे."

मॅडमनी डोळा लावला. बराच वेळ लावला. "अगं बाई," त्या पुटपुटल्या, "खरंच की!"

ती काच मास्तरांनी कापसावरून उचलून बाजूला ठेवली. उरलेल्या तीनही तपासल्या, त्या मात्र त्यांच्याच चुका निघाल्या; ड्रॉवरमध्ये सहा राहिल्या. मॅडमनी अर्जाच्या कागदाचे दोन तुकडे करून टोपलीत टाकले, आणि मास्तर हेडक्लार्ककडे निघाले.

हेडक्लार्क टेबल आवरत होते. आरोग्य केंद्राचा आधीचा रिपोर्ट रद्द करायचा तर त्याला वेगळा फॉर्म होता, आणि त्यात "रद्द करण्याचे कारण" असा रकाना होता. मास्तरांनी पेन काढलं आणि आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: माझी चूक. सातवी.

हेडक्लार्कनी वाचलं. कधी कशानं न हादरणाऱ्या त्या माणसानं चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचलं.

"मास्तर, असं लिहीत नाहीत! अठ्ठावीस वर्षं मी हे टेबल सांभाळतोय. या रकान्यात 'तांत्रिक कारण' असतं. 'अपरिहार्य कारण' असतं. एकदा 'पूर' होता. 'माझी चूक' असं आजवर एकानंही लिहिलेलं नाही. कुठल्या फाइलला लावू मी हे?"

"तसंच राहू द्या."

"अहो, आणि सातवी म्हणजे? सातवी लिहिलंत तर आधीच्या सहा रेकॉर्डवर हव्यात ना! त्यांचे कागद कुठे आहेत?"

"नाहीत," मास्तर म्हणाले. त्यांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. "सहा फॉर्म द्या. कोरे."